पाचाचे दहा झाले तेव्हा

१ जून २०२५ला पीएमपीचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं. महिन्याचा पास नऊशेवरून पंधराशेवर गेला. माझ्या एका विद्यार्थ्याची अम्मी कोंढव्याहून कॅम्पात घरकामाला जाते. तेव्हापासून ती परतीचा रस्ता चालत येते. "सर, येताना घाई नसते," असं वर मलाच समजावते.

पीएमपीच्या संचालक मंडळात पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या महापौरांना, स्थायी समितीच्या अध्यक्षांना जागा असते. पण मार्च २०२२पासून दोन्हीकडे प्रशासक होते. खुर्च्या रिकाम्या, आणि जाब विचारायला तिच्या प्रभागात नगरसेवकही नव्हता. (मेट्रोचं उद्घाटन मात्र मुदत संपायच्या आठवडाभर आधी उरकलं होतं!)

अखेर १५ जानेवारी २०२६ला मतदान झालं. प्रचारात बस फुकट, मेट्रो फुकट अशी आश्वासनं ऐकली. फुकट मागतंय कोण? भाडं परवडावं आणि बस वेळेवर यावी, एवढंच आमचं मागणं. भाडेवाढीचा फेरविचार नव्या सभागृहाने आधी घ्यावा, बाकी उद्घाटनं नंतर.

आमच्या प्रभागाचे नगरसेवक चार. तिचा अर्ज मी मराठीत लिहून दिलाय, चार प्रती काढल्यात.