भाऱ्याला हात लावता का?

लाकडाचा भारा डोक्यावरून एकट्याला उतरवता येतो, पण चढवता येत नाही. कोकणात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. रानातून फाटी गोळा करायची, वेलीनं आवळायची आणि मग वाटेच्या कडेला उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचं, "जरा भाऱ्याला हात लावता का?" तो एका बाजूनं उचलून द्यायचा, बाई मान ताठ करून चुंबळीवर तोल सावरायची आणि दोघं आपापल्या वाटेनं जायची. आभार मानायची रीत नव्हती. आज तुझा भारा, उद्या माझा.

माझ्या आजीची सगळ्यात भयंकर गोष्ट नेमकी याच वाक्यानं सुरू व्हायची.

तिन्हीसांजेची वेळ. आजीचा कुणी चुलत सासरा बाजार करून परत येतोय. साकवाच्या अलीकडे एक बाई उभी. पायाशी भारा. "भाऱ्याला हात लावता का?" याने पिशवी खाली ठेवली, हात लावला. भारा हलेना. दोन्ही हात लावले, गुडघ्याचा टेकू दिला. जरा वर आला, पण जितका वर येईल तितका जड होत गेला. बाई नुसती म्हणतेय, "अजून थोडा." सोडून द्यावा म्हटलं, तर भारा बांधलेली वेल आपल्याच मनगटाभोवती गुंडाळलेली. सकाळी माणसं शोधत आली तेव्हा तो साकवापाशी बसलेला होता, दोन्ही हात तसेच वर धरलेले. बारा दिवस ताप आणि तेराव्या दिवशी खलास. त्या सकाळी त्याच्या शेजारी बाजाराची पिशवी जशीच्या तशी होती, हे आजी न चुकता सांगायची. मला तेव्हा भीती वाटायची ती त्या पिशवीची.

परीकथेतल्या राक्षसाच्या तावडीत हावरी माणसं सापडतात. सांगितलेलं न ऐकणारी, नको ती पेटी उघडणारी. हा बिचारा तर थांबला आणि हात लावला, एवढंच. आमच्याकडची निम्मी भुतं अशी मागतकरी आहेत. कुणी विडी मागतं, कुणी तंबाखूला चुना मागतं, कुणी म्हणतं वेशीपर्यंत सोबत द्या. चकवा तर मागतही नाही, उलट तो मदत देतो. वाट चुकलेल्याच्या पुढे पुढे ओळखीच्या माणसाच्या रूपात चालतो आणि रात्रभर त्याच शेताला फेऱ्या मारायला लावतो. माणूस चांगुलपणाच्या क्षणी सापडतो, हे या गोष्टींचं खरं भय. वाईट वागणाऱ्याला निदान चांगलं वागून सुटण्याची आशा असते.

"पण त्याचं चुकलं काय?" असं मी एकदा आजीला विचारलं होतं. तिचं उत्तर तयार होतं. "आधी नाव विचारायचं होतं. आणि पायाकडे बघायचं." उलटे पाय असतील तर निघून जायचं, सुलटे असतील तर हात लावायचा. तिच्याकडे अशा नियमांचं बाडच होतं. रात्री कुणी चुना मागितला तर बोटावरून द्यायचा नाही, अडकित्त्याच्या टोकावर धरायचा. लोखंडाला ती जात भिते. बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली तर माणूस. भुताला तीनदा हाक मारता येत नाही. पाणी मागितलं तर तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवून मागं सरायचं. 'देऊ नका' असं त्या बाडात कुठेच नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. सगळे नियम कसं द्यायचं याचे होते.

आता यावर फार भाबडं होण्यातही अर्थ नाही. तांब्या बाहेर ठेवायचा, हाताला हात लागू द्यायचा नाही, हा नियम आमच्या घरात भुतांसाठी होता तसाच गावाबाहेरच्या वस्तीतल्या जिवंत माणसांसाठीही होता. त्यांना पाणी वरून ओतलं जायचं. भूत आणि माणूस यांना एकाच अंतरावर ठेवणारी ती ओसरी मी पाहिली आहे, आणि गोष्ट ऐकताना तिच्यावरच बसलेलो असायचो.

मदत मागणाऱ्याच्या पोटात काय आहे, याची आपल्याकडची सगळ्यात पक्की गोष्ट मात्र वेताळाची. आमच्या पिढीला ती 'चांदोबा'तून ठाऊक. चित्रकार शंकर यांचा तो उपसलेल्या तलवारीचा राजा, खांद्यावर प्रेत, मागं स्मशान. दर महिन्याला वेताळ गोष्ट सांगायचा, राजा तोंड उघडायचा, प्रेत पुन्हा झाडावर. हे सगळं मुळात कशासाठी चाललंय, हे आम्ही मुलांनी कधी विचारलंच नाही. सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये 'कथासरित्सागर' रचला, त्यात मात्र पूर्ण कथा आहे. तिचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. राजा ते खजिनदाराकडे टाकतो. वर्षांमागून वर्षं जातात. एके दिवशी फळ माकडाच्या हाती लागतं, ते दात मारतं आणि आतून रत्न पडतं. मग राजा विचारतो, बाबा, एवढं कशासाठी? भिक्षू म्हणतो, एक साधना करतोय, शूर माणसाची मदत हवी आहे.

या भिक्षूच्या चिकाटीला दाद द्यायला हवी. आधी उपकारांचं ओझं, मग मागणी. आज फोनवरून गोड बोलून खातं रिकामं करणाऱ्यांचा धंदा याच तत्त्वावर चालतो, फक्त त्यांना इतकी वर्षं थांबायची गरज पडत नाही. राजा वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात जातो, झाडावरचं प्रेत काढून खांद्यावर घेतो. आणि शेवटी त्याला वाचवतं कोण? तर प्रेतात शिरलेला वेताळ. तो सांगतो, भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला लावील आणि तुझाच बळी देईल. तू म्हण, मी राजा, मला नमस्कार येत नाही, आधी तुम्ही करून दाखवा. भिक्षू आडवा होतो आणि त्याचं डोकं जातं. मदत मागणारा संन्यासी हा मारेकरी, आणि खांद्यावरचं भूत हा हितचिंतक. मला नेहमी वाटतं, वेताळाच्या सगळ्या कोड्यांपेक्षा हे कोडं अवघड आहे.

घाटरस्ते झाले, मोटारी आल्या आणि भाऱ्यावाली बाई लिफ्ट मागू लागली. अमेरिकेतही ही बाई आहे. 1942 सालीच दोन अभ्यासकांनी तिच्या 79 कहाण्या गोळा केल्या होत्या. पण तिकडची बहुधा गरीब. गाडीत बसते, घरचा पत्ता सांगते आणि दार येण्याआधी मागच्या सीटवरून नाहीशी होते. तिला घरी जायचं असतं, बस. आमची कशेडी घाटातली इतकी साधी नाही. पोलादपूर आणि खेड यांच्यामधल्या त्या वळणांवर पांढऱ्या साडीतल्या बाईनं किती ड्रायव्हर दरीत घातले, याचा हिशेब प्रत्येक टपरीवर वेगळा मिळतो. उपदेश मात्र सगळीकडे एकच: थांबायचं नाही, काच खाली घ्यायची नाही. आजीच्या बाडातले कसं द्यायचं ते सगळे नियम इथे पुसले गेले. नाव विचारायला आणि पाय बघायला आधी गाडी थांबवावी लागते. आता बोगदा झालाय, घाट चढावाच लागत नाही. ती बाई कुणाची वाट बघत असेल कोण जाणे.

अपघातातल्या माणसाला उचललं तर पोलीस आणि कोर्ट मागं लागतील, ही भुताखेरीजची दुसरी भीती. तिच्यावर उतारा म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचनांवर शिक्कामोर्तब केलं, 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यातही ते आलं. कायदा काच खाली घ्यायला लावू शकत नाही, ही गोष्ट वेगळी.

यातल्या बहुतेक गोष्टींत भूत मागणारं असतं आणि माणूस देणारा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात ही वाटणी उलटी झाली. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. दुरून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, हा मजकूर त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होता. जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना. तिन्हीसांजही झाली नव्हती. पाय सगळ्यांचे सुलटे होते. आजीची गोष्ट मी आजवर बाजाराची पिशवी घेऊन येणाऱ्याच्या बाजूनं ऐकत आलो होतो. त्या दिवसापासून साकवापाशी उभ्या असलेल्या बाईचं काय म्हणणं असेल, असा विचार मनात येतो.

तशी त्या बाईच्या जागी मी स्वतः एकदा उभा राहिलोय. 2011 सालचा मे. खेडला भावकीतलं लग्न उरकून रात्री मोटारसायकलवरून महाडला निघालो होतो. कशेडी घाटाच्या मध्यावर चेन तुटली. साडेबारा वाजलेले, मोबाइलला रेंज नाही. रस्त्याच्या कडेला येऊन हात दाखवायला लागलो. पहिली गाडी जवळ येईपर्यंत हळू होती, माझ्यावर दिवे पडले आणि तिनं वेग घेतला. दुसरीनं पार पलीकडच्या बाजूनं वळसा घातला. तिसरीतल्या बाईनं काचेआड हात जोडले. मग मी स्वतःकडे पाहिलं. लग्नातला पांढराशुभ्र झब्बा, पांढरा लेंगा, कपाळावर कुंकू, हातात आहेराची पिशवी. इतक्या उशिरा, त्या वळणावर, मीही थांबलो नसतो.

तासाभरानं एक टेम्पो थांबला. वाशीच्या मार्केटला निघालेला, मागं आंब्याच्या पेट्या. ड्रायव्हरनं काच चार बोटं खाली घेतली आणि काही न बोलता बॅटरी माझ्या पायांवर मारली. मी आपसूक एक पाऊल पुढे टाकून दाखवलं. "नाव काय?" सांगितलं. "कुणाचं लग्न?" तेही सांगितलं. मग दार उघडलं.

घाट उतरेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. नजर रस्त्यावर, पण दर वळणाला डोळ्याच्या कोपऱ्यातून माझी तपासणी चालू. स्टिअरिंगजवळ लोखंडी पान्हा ठेवलेला, त्यावर त्याचा डावा हात. पोलादपूरचे दिवे दिसल्यावर जरा सैल झाला. मागून एक आंबा काढला, माझ्या हातात न देता डॅशबोर्डवर ठेवला आणि हनुवटीनं खूण केली. घे. मी खाल्ला. साल सोलताना रस मनगटावर ओघळला, तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

महाडच्या फाट्यावर उतरलो. पैसे विचारले, त्यानं मान हलवली. मी अंधारातून घराच्या दिशेनं चालायला लागलो. वीसेक पावलं गेलो असेन, तोच मागून हाक आली.

"ओ भाऊ!"

पाय थांबले, तोंड उघडलं नाही.

"ओ भाऊ! पिशवी!"

पिशवी माझीच होती, आवाज त्याचाच होता, इंजिनही चालू ऐकू येत होतं. मी पाठमोरा उभा राहून तिसऱ्या हाकेची वाट बघत होतो. ती आली नाही. दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर त्यानं पिशवी रस्त्याच्या कडेला, दगडाला टेकवून ठेवली होती आणि टेम्पोचा मागचा लाल दिवा वळणाआड जात होता.