लहान मोटारीला उसना दम



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक तरुण देवळाच्या पायरीशी घोटाळत उभा होता. त्याच्या घरी एक जुनी आल्टो ८०० आहे. महिन्यातून दोनदा तो आजीला गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात नेतो आणि संध्याकाळी चोर्ल्याच्या घाटाने परत येतो.

तो म्हणाला, “फादर, चढावर गाडी फार धापा टाकते. मागचे ट्रक भोंगे वाजवतात, आजी घाबरते. उसाचे बिल आले आहे, त्यातून टर्बोचार्जर बसवावा म्हणतो. बाबा नुसते नको म्हणतात.”

वाचकहो, हा हट्ट निव्वळ हौसेचा नव्हता. त्यामागे आजीची माया होती. म्हणूनच नुसत्या नकाराने त्याचे समाधान होईना.

टर्बोचार्जर ही मुळात मोठी शहाणी कल्पना आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत पुष्कळ शक्ती असते व ती एरवी वाया जाते. त्या वायूंच्या वाटेवर एक चक्र बसवावयाचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक म्हणून इंधन अधिक जळते, आणि शक्तीही अधिक मिळते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आज आपल्या रस्त्यांवरील बहुतेक ट्रकांत हेच यंत्र शीळ घालत असते.

मग ते आल्टोला का नको? कारण हवा दाबली की ती तापते. पेट्रोलच्या इंजिनात अशा तापलेल्या हवेमुळे मिश्रण भलत्याच क्षणी पेट घेते, इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टन फुटण्यापर्यंत पाळी येते. शिवाय ते चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. त्याला स्वच्छ तेलाचा अखंड पुरवठा लागतो. म्हणून कारखानदार टर्बोचे इंजिन त्या हिशेबानेच घडवतात. २०१७ साली निघालेल्या बलेनो आरएस या मोटारीचे उदाहरण घ्या. तिचे ९९८ घनसेंटीमीटरचे टर्बो इंजिन सुमारे १०० अश्वशक्ती देई. परंतु तिच्या साध्या बहिणीला मागे ड्रम ब्रेक असताना हिला चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले होते. शक्ती वाढवली तेव्हा तिला आवरण्याची सोयही वाढवावी लागली. ४८ अश्वशक्तीच्या आल्टोचे ब्रेक, क्लच व गिअर ४८ अश्वशक्तीपुरतेच केलेले आहेत.

खुद्द कारखान्यालाही हे काम सहज साधले नाही. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबाईल जेटफायर ही टर्बो मोटार निघाली. ठोके टाळण्यासाठी तिच्या एका वेगळ्या टाकीत पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण भरावे लागे. मालक ते भरावयास विसरत, आणि टर्बोच्या तक्रारी वाढत गेल्या. अखेर पुष्कळ गाड्यांचा टर्बो काढून तेथे साधा कार्बोरेटर बसवण्यात आला.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. उद्या घाटात अपघात झाला, तर न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून विमा कंपनी भरपाई नाकारू शकेल. मग उसाचे बिल गेलेच, वर कर्जही व्हायचे.

मी त्या तरुणास म्हणालो, “बाळा, गाडीला उसना दम देण्याआधी तिचा स्वतःचा दम कोठे अडकला आहे ते पाहा. धुळीने भरलेला एअर फिल्टर, जुने स्पार्क प्लग, घसरणारा क्लच, चाकाला घासून राहणारा ब्रेक, टायरांतील कमी हवा, यांपैकी एकानेही गाडी धापा टाकते. चांगल्या मेस्त्रीकडून हे सारे तपासून घे. लहान पेट्रोल इंजिनाची शक्ती ते वेगाने फिरत असतानाच मिळते. म्हणून गाडी मरगळेपर्यंत वाट न पाहता चढ लागताच खालचा गिअर टाक आणि थोडा वेळ एसी बंद ठेव. गाडीचे वजन सुमारे सातशे किलो. तीत पाच माणसे बसली की आणखी तीनशे किलो चढतात. इस्पितळाच्या फेरीला नको असलेली माणसे घरीच राहू देत.”

“आणि एवढे करूनही भागले नाही तर?”

“तर ही गाडी विकून तिच्या किमतीत उसाचे पैसे घाल, आणि कारखान्यातूनच अधिक शक्तीची निघालेली गाडी पाहा. ती जुनी असली तरी चालेल. आजीला घाटात वेगाची गरज नाही. रात्री सुखरूप घरी पोहोचण्याची आहे. सावकाश चढणारी गाडी तिला घरी आणील. अर्ध्या घाटात इंजिन फुटलेली गाडी मात्र तिला अंधारात रस्त्याच्या कडेला बसवील.”

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबांनी हे असे सांगितले असते तर!”

वडीलधाऱ्यांनो, त्याचे हे शेवटचे वाक्य तुमच्यासाठी आहे. तुमचा नकार बहुधा योग्यच असतो; परंतु घरातला मुलगा मायेपोटी काही मागत असेल, तर नकाराबरोबर त्याचे कारणही त्याच्या हाती द्यावे.