जुन्या घरातला साग विकू नका

नवापूर तालुक्यात कुडाची जुनी घरं उतरवून सिमेंटची घरं उभी राहताहेत. राहायला ती सोयीची आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण उतरवलेले खांब, तुळया, फळ्या चार दिवसांत कुणीतरी उक्ते घेऊन जातो. आणि नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर लाकूड दिसावं म्हणून दुकानातून लाकडी रंगाच्या प्लास्टिकच्या पट्ट्या येतात. असं करू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

तो साग कित्येक वर्षं छपराखाली वाळलेला आहे. आता तो सहसा आकसत नाही की पिळवटत नाही. खांबाचा जमिनीत पुरलेला भाग कुजलेला असेल, तेवढा कापून टाका. उरलेल्यावर रंधा फिरवून पाहा. आत सोनेरी-तपकिरी गाभा दिसेल, हाताला किंचित तेलकट लागेल, ताज्या कापाला चामड्यासारखा वास येईल. वाळवीला दाद देत नाही तो हा गाभा. कडेचा पांढरट भाग सागाचाच असला तरी वाळवी खाते. फळी रुंद निघावी म्हणून तो ठेवला जातो, तेव्हा सॉ मिलवर स्वतः उभे राहून काढून घ्या.

नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर याच फळ्या आडव्या बसवा, कौलांसारख्या वरची खालचीवर चढवून. भिंतीवर आधी उभ्या पट्ट्या मारा, म्हणजे मागे वारा खेळेल. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून फूटभर तरी वर हवी. पागोळ्यांचं पाणी आपटून उडतं आणि लाकूड तिथूनच कुजायला लागतं. साध्या लोखंडी खिळ्यांचे काळे ओघळ सागावर उतरतात, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो. त्या बाजूला छप्पर दोन फूट तरी पुढे नसेल, तर ती भिंत सिमेंटचीच राहू द्या. वार्निशचे उन्हात पापुद्रे निघतात. त्यापेक्षा दर उन्हाळ्यात जवसाच्या तेलाचा हात द्या. गाडीचं जळकं ऑईल मात्र नको, ते पावसात धुपून अंगणाच्या मातीत उतरतं.

साग मिलवर न्यायच्या आधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन कोणता कागद लागतो ते विचारा. आपल्याकडे तर रेल्वे स्टेशनातूनच गुजरातची हद्द जाते. कागद नसलेलं लाकूड घरचं आहे हे वाटेत कुणाला पटवणार?

सगळं घर झाकण्याइतका साग निघणार नाही. ओट्यावरची भिंत झाली तरी पुष्कळ आहे. उरलेल्या जागी शेतातल्या बांबूचा कूड चालेल. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्यात झाड धरला जात नाही.