शौचाचा रंग आणि आपली लाज



मागच्या रमजानमध्ये माझ्या खालांना सेहरीला उठल्यावर चक्कर आली. रोज्यांचा अशक्तपणा असेल, असं घरच्यांना वाटलं. दोन दिवसांनी वजू करताना त्या मोरीतच कोसळल्या. दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासलं, तर अवघं ६!

डॉक्टरांनी विचारलं, "शौचाला काळं होतं का?" खाला गप्प. शेवटी सुनेच्या कानात म्हणाल्या, "आठ दिवस झाले. डांबरासारखं, चिकट. पण असली गोष्ट मुलांना सांगायची कशी?"

तोंडावाटे दुर्बीण घालून तपासलं, तेव्हा जठरात अल्सर म्हणजे व्रण सापडला. गुडघेदुखीसाठी खाला कित्येक महिने मेडिकलमधून गोळ्या आणून खात होत्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन अशा गोळ्यांनी जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी होतं आणि आम्लाने तिथे जखम होते. तिच्यातून झिरपणारं रक्त आतड्यांतून जाताना काळं पडतं. म्हणून लाल रक्त दिसत नाही आणि माणूस गाफील राहतो.

आपण दोष मिरची-मसाल्याला देतो. पण अल्सरचं दुसरं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ साली नोबेल मिळालं. औषधांनी हा जंतू जातो.

लिव्हरच्या जुन्या आजारात अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात, तेव्हा रक्ताची उलटी होते. शौचात लाल रक्त बहुधा मूळव्याधीचं असतं. पण मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होऊ शकतो. म्हणून 'मूळव्याधच असेल' असं घरीच ठरवू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं. त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावं.

रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखं शौच, चक्कर, थंड घाम, धडधड यांपैकी काही दिसलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा, थेट रुग्णालय गाठा. रक्त थोडं थोडं जात असेल, तर चेहरा फिका पडणं, जिना चढताना धाप लागणं एवढंच दिसतं.

दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन मनाने बंदही करू नका.

सूरह बकराच्या १८५व्या आयतीत आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. खालांनी राहिलेले रोजे थंडीत, डॉक्टरांना विचारून पूर्ण केले, अलहम्दुलिल्लाह.

हया ईमानाचा भाग आहे, खरंच. पण शरीर अल्लाहची अमानत आहे. आज आपल्या अम्मींजवळ, सासूबाईंजवळ बसा आणि हळूच विचारा. विचारणारं कुणी असलं, की सांगणं सोपं होतं.