दोन जिवांच्या बाईचा नंबर पहिला

घरात शेवटी कोण जेवते? बाई. दुखणे अंगावर कोण काढते? तीही बाईच. ती पोटुशी असली तरी यात फारसा फरक पडत नाही, हे आम्ही आष्टीत आणि आसपासच्या वस्त्यांत पाहतो. पावसाळ्यात आणि थंडीत ताप-खोकल्याची साथ येते. लेकराला ताप आला की आपण दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो. पोटुशी सून खोकत असली तर ‘सर्दी-पडसं आहे, काढा घे’ एवढ्यावर विषय संपतो. वर ‘पोटात लेकरू असताना गोळी खाऊ नये’ असा सल्लाही मिळतो. आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे, ही चूक दोन जिवांवर बेतते.

दिवस भरत आले की गर्भाशय वर सरकते आणि फुप्फुसांना पसरायला जागा कमी पडते. त्याच वेळी शरीराला प्राणवायू मात्र जास्त लागतो. रोगाशी लढण्याच्या शक्तीतही बदल होतो. म्हणून जो फ्लू नवऱ्याला चार दिवसांत सोडतो, तोच बायकोला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. आईच्या रक्तात प्राणवायू कमी झाला की बाळालाही कमी पडतो. मग दिवस भरण्याआधी बाळंतपण होणे, बाळ कमी वजनाचे जन्मणे, कधी पोटातच दगावणे, हे सारे घडू शकते. 2009 च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेत शंभर माणसांमागे गरोदर बाया साधारण 1 होत्या, पण शंभर मृत्यूंमागे त्या 5 होत्या.

आपल्याकडचा अनुभव तर ताजा आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात कोरोना झालेल्या गरोदर बायांची आणि बाळंतिणींची नोंद ठेवली गेली. पहिल्या लाटेत त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण 0.7 टक्के होते, दुसऱ्या लाटेत ते 5.7 टक्के झाले. 1 मे 2021 पासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. गरोदर बायांना परवानगी मिळाली ती 2 जुलैला, लाट ओसरल्यावर. घरात शेवटी, तशी सरकारच्या रांगेतही ती शेवटीच राहिली.

आता बाळाचे पाहू. पोटातच आईकडून बाळाला लागण होणे क्वचित घडते. 2020 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात असे एक बाळ जन्मले आणि उपचारांनी बरेही झाले. बहुतेक बाळांना आजार लागतो तो जन्मानंतर, आपल्याच माणसांकडून. बाळ बघायला सारी वस्ती येते. खोकणारा मामाही मुका घेतो. बंद खोलीत शेगडी आणि धुरी असते. पहिले सहा महिने बाळाला फ्लूची लस देता येत नाही. आईने गरोदरपणात घेतली, तर तिच्यातली रोगाशी लढणारी शक्ती नाळेतून बाळाला मिळते.

म्हणून पोटुशीला ताप-खोकला आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फ्लूचे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते आणि ते गरोदर बाईला देता येते. मेडिकलवरून मनाने गोळी आणू नका. धाप लागली, छातीत दुखले, ओठ निळे पडले, बाळाची हालचाल कमी झाली तर रात्र काढू नका, 108 ला फोन करा. बाळ दूध ओढत नसेल, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, अंग गार पडले असेल, तर तेही तातडीचे समजा. आई आजारी असली तरी तोंडाला रुमाल बांधून, हात धुऊन तिने बाळाला पाजावे. दूध तोडू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनी तपासणीचे कार्ड सोबत न्यावे. फडावर, कोपीत दुखणे अंगावर काढू नये. मुकादमाने सुट्टी दिली नाही तरी दवाखाना चुकवू नये.

सरकारकडेही आमचे मागणे आहे. महाराष्ट्राने 2015 मध्ये गरोदर बायांना स्वाइन फ्लूची लस मोफत देण्याचे ठरवले होते. ती लस परतूर-जालन्यापर्यंत आणि आष्टीच्या दवाखान्यापर्यंत दर पावसाळ्याआधी यायला हवी. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी लसीची चौकशी करा. बचत गटाने मिळून लेखी मागणी द्या.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार बायांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. त्याला शंभर वर्षे होत आली. आपल्या घरात तरी दोन जिवांच्या बाईचा नंबर पहिला लागू द्या.