काचपेटीतले भांडखोर शेजारी

संगमनेरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलांच्या हट्टापायी त्यांनी दोन फुटी काचपेटीत इतर माशांबरोबर क्रिबेन्सिसची जोडी आणून सोडली. दोन महिने गुण्यागोविंदानं गेले आणि आता ही बोटभर जोडी हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागली आहे. तळाशी फिरणारा मिशाळ कोरीडोरस मेला, धाकटी रडते आहे आणि सासूबाई म्हणतात, "हे मासे प्रवरेत सोडून या."

ताई, नदीत मात्र सोडू नका. का, ते शेवटी सांगते.

क्रिबेन्सिस मूळचा नायजेरिया-कॅमेरूनकडचा, सिक्लिड कुळातला मासा. नर जेमतेम चार इंच, मादी त्याहून लहान. आपल्या उजनीची चिलापी याच कुळातली बरं का! चिलापीचा नर तळाला खळगा करून राखतो, तशी क्रिबेन्सिसला कपार लागते. मादीचं पोट लालजांभळं झालं की ओळखावं, घर मांडायची तयारी झाली. कपारीच्या छताला अंडी चिकटवतात, ती तीनएक दिवसांत फुटतात, मग आईबाप दोघंही पिल्लांवर पहारा ठेवतात. कोरीडोरस बिचारा रात्री तळ धुंडाळत तिकडे जातो आणि मार खातो. मीही असाच एक कोरीडोरस गमावून हे शिकले. दोष कुणाचाच नाही, जागा अपुरी. दोन जावांना एकच ओटा दिला तर दुसरं काय होणार?

आता उपाय. मार खाल्लेला, कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात दडून राहिलेला मासा त्याच दिवशी वेगळ्या भांड्यात काढा. त्यात हवेची नळी सोडा. दोन फुटी पेटीत ही जोडी एकटीच ठेवलेली बरी. सोबत हवीच असेल तर तीन फुटी पेटी घ्या. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण हे मासे तळाची जागा वाटून घेतात. करवंटीला कडेला खाच पाडा, ती पाण्यात चांगली उकळून एका टोकाला पालथी ठेवा. मध्ये दगड आणि झाडं अशी लावा की या टोकाचं त्या टोकाला दिसणार नाही. सोबती वरच्या थरात पोहणारे, चपळ निवडा. सहा-आठ झेब्रा डॅनिओ उत्तम. लांब शेपटीचे गप्पी, संथ एंजल किंवा सिक्लिडची दुसरी जोडी नको. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्यांची मालकी मोडते. सोडावा संध्याकाळी, दिवा मालवून.

आपल्याकडचं बोअरचं जड पाणी क्रिबेन्सिसला चालतं. त्याचा देखणा भाऊबंद रॅम मात्र मऊ आणि जास्त उबदार पाणी मागतो, त्याच्या मोहात पडू नका. नळाचं पाणी बादलीत एक दिवस ठेवून वापरा, आठवड्याला पाव भाग बदला. नगरच्या थंडीत हीटर लावून पाणी २५ अंशांवर ठेवा.

आणि नदीचं कारण हे, की चिलापीसुद्धा बाहेरचीच. १९५२ साली ती भारतात आणली आणि उजनीत इतकी माजली की तिथल्या मूळच्या माशांना जागा उरेना. तेव्हा मासे नकोच असतील तर दुकानदाराला परत द्या.

आणि सासूबाईंना सांगा, जोडी भांडखोर नाही हो, बाळंतपण राखते आहे. पिल्लं झाली की पत्र टाका.