नैराश्याच्या गोळ्यांचा ओव्हरडोस : पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका

"डॉक्टर, मुलीने डिप्रेशनच्या गोळ्या जास्त घेतल्यात. पण ती बोलतेय, चालतेय. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल ना? घरीच काही करता येईल का?" असा फोन आला की माझं उत्तर एकच असतं: आधी निघा, बाकीचं नंतर बोलू.

ही भीती खोटी नव्हती. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. पण आता कायदा बदलला आहे, आणि ते घराघरांत पोहोचायला हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, वेगळं सिद्ध होत नाही तोवर अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच मानायचं. तिच्यावर खटला भरायचा नाही. तिच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारीही सरकारवर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ खाली गुन्हा आहे.

रुग्णालयात एमएलसी नोंद होऊ शकते, पोलीस जबाबही घेऊ शकतात. पण नोंद म्हणजे शिक्षा नव्हे. नोंदीसाठी उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा.

"ती तर शुद्धीवर आहे" यावर विसंबू नका

ॲमिट्रिप्टिलीन, इमिप्रामिन यांसारख्या जुन्या 'ट्रायसायक्लिक' गोळ्या आजही मायग्रेन आणि नसांच्या दुखण्यासाठी दिल्या जातात, त्यामुळे नैराश्य नसलेल्या घरांतही त्या असतात. जास्त प्रमाणात घेतल्यास आधी तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी जलद होते, झोप येते. त्यानंतर काही तासांतच रक्तदाब घसरणं, झटके येणं, हृदयाची लय बिघडणं हे सारं झपाट्याने होऊ शकतं. लहान मुलांच्या बाबतीत एखाद-दुसरी गोळीही गंभीर समजावी.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम या गटात 'सेरोटोनिन सिंड्रोम' होऊ शकतो : अस्वस्थपणा, थरथर, घाम, जुलाब, स्नायू ताठर होणं, ताप. एसिटालोप्राममुळे ईसीजीतही बदल होतात. व्हेनलाफॅक्सिन आणि ब्युप्रोपिऑनमुळे झटके येऊ शकतात. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांमध्ये ते बऱ्याच तासांनी येतात. म्हणून रुग्ण ठीक दिसला तरी त्याला किमान सहा तास, काही गोळ्यांसाठी त्याहून जास्त, देखरेखीखाली ठेवावं लागतं.

घरी काय करावं, काय करू नये

- १०८ ला फोन करा किंवा आयसीयू असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्या.
- मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नका. वाटेत झटका आला तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते. दूध, तूप, लिंबूपाणीही नको.
- गुंगी असेल तर एका कुशीवर झोपवा. श्वास थांबला तर सीपीआर सुरू करा.
- रिकाम्या स्ट्रिप्स, बाटल्या सोबत घ्या. गोळ्या कधी घेतल्या, सोबत दारू किंवा दुसरं औषध होतं का, ते डॉक्टरांपासून लपवू नका. लाजेपायी लपवलेली माहिती जिवावर बेतते.
- रुग्णाला क्षणभरही एकटं सोडू नका.

रुग्णालयात काय होतं?

पहिलं लक्ष श्वास, रक्तदाब आणि ईसीजीकडे. रुग्ण लवकर आला आणि शुद्धीवर असेल तर ॲक्टिव्हेटेड चारकोल देतात; वेळ गेली की त्याचा उपयोग कमी होतो. ट्रायसायक्लिक गोळ्यांमुळे ईसीजी बिघडला तर शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात आणि त्याने हृदयाची लय सावरू शकते. (घरात खाण्याचा सोडा पाजणं हा त्याला पर्याय नाही.) झटक्यांसाठी लोराझेपाम किंवा डायझेपाम वर्गातली औषधं, तर सेरोटोनिन सिंड्रोममध्ये ताप उतरवणं आणि कधी सायप्रोहेप्टाडिन. वेळेत पोहोचलेले बहुतेक रुग्ण वाचतात.

घरी परतल्यावर

डिस्चार्ज म्हणजे शेवट नव्हे. त्यानंतरचे दिवस आणि आठवडे जोखमीचे असतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवूनच घरी या. गोळ्या घरच्या एका माणसाकडे, कुलपात ठेवा आणि एका वेळी थोड्याच दिवसांच्या आणा. घाबरून औषध परस्पर बंद मात्र करू नका. आजार उलटू शकतो. "असं का केलंस?" ऐवजी "तुला किती त्रास होत होता, सांग मला" असं विचारा. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट मन मोकळं होतं.

आणि हे वाचताना तुमच्याच मनात तसे विचार येत असतील, तर आत्ताच जवळच्या माणसाला सांगा, किंवा १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसला फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मदत मागणं हा गुन्हा कधीच नव्हता.